आपलं कुणाचंच थडगं कसं नाही?

लाडक्या चिऊ,

परवा रविवारी गाडीत तू विचारलंस, "आई, आपल्या घरातल्या कुणाचंच थडगं कसं नाही?" मी रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले, "आपल्यात तसं नसतं." तू गप्प झालीस. ते काही उत्तर नव्हतं, मी वेळ मारून नेली. म्हणून हे पत्र. मराठी वाचायचा तुला कंटाळा येतो हे माहीत आहे, पण हे इंग्रजीत सांगायला गेले तर निम्मं सांडेल. अडलीस की बाबाला विचार. त्यालाही जरा कामाला लाव.

तू मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर डेकोरेशन डेला गेली होतीस. टेनेसीच्या या डोंगरांमधली ही जुनी रीत. उन्हाळा लागता लागता एखाद्या रविवारी सगळं गाव आपल्या दफनभूमीत जमतं, गवत उपटतं, दगड घासतं, फुलं ठेवतं आणि मग तिथेच झाडाखाली टेबलं मांडून सगळे एकत्र जेवतात. मैत्रिणीची आजी जुन्या टूथब्रशने दगडावरचं शेवाळ काढत होती आणि काढता काढता त्या दगडाशी बोलत होती, हे तू मला दोनदा सांगितलंस. मग कुणीतरी तुला विचारलं, तुमची माणसं कुठे पुरली आहेत? तू म्हणालीस, "कुठेच नाही." आणि विचारणाऱ्या बाईचा चेहरा पडला.

तुझं उत्तर खरं होतं, पण अर्धंच. खरी बाजू आधी सांगते.

आपल्या घरात माणूस गेला की दहन करतात. तिसऱ्या दिवशी राख सावडायची, म्हणजे अस्थी वेचून घ्यायच्या, आणि त्या नदीत सोडायच्या. आमच्या नाशिकला ते गोदावरीत, रामकुंडावर. नाशिकची माणसं गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत, "गंगेवर जाऊन येतो" म्हणतात. दहा दिवस एक छोटा दगड तेवढा जपून ठेवतात, त्याला जिवखडा म्हणतात. गेलेल्याचा जीव त्यात आहे असं धरायचं. दहाव्याचे विधी झाले की तोही पाण्यात. म्हणजे बघ, हाताशी एक दगड होता, तोसुद्धा ठेवून घेत नाहीत. लहानपणी मला याचा राग यायचा.

पण मी "आपल्यात" म्हणाले ना, ते चुकलंच माझं. मराठी माणसं काय एकाच पद्धतीची आहेत? लिंगायत समाजात दफन करतात, तेही बसवून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून. गोसावी आणि नाथपंथी लोकांत समाधी देतात. अगदी लहान बाळ गेलं तर दहन करणाऱ्या घरांतही ते पुरतातच. वसईचे ख्रिस्ती लोक 2 नोव्हेंबरला, ऑल सोल्स डेला, दफनभूमीत जाऊन कबरी स्वच्छ करतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. तू परवा पाहिलंस त्याच्या जवळचंच हे, फक्त मराठीत. कोकणातले मुसलमान शब-ए-बारातला कबरस्तानात जातात. अलिबागजवळ नवगावला बेने इस्राएल लोकांची जुनी दफनभूमी आहे. ही मराठी बोलणारी ज्यू माणसं. त्यांचे पूर्वज जहाज फुटून त्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी त्यांची कथा आहे. आणि आळंदीला तर तू स्वतः गेली आहेस. तिथे ज्या रांगेत उभी राहून तू पायदुखीची तक्रार करत होतीस, ती 1296 साली घेतलेल्या एका समाधीसाठीच होती.

तर आता आपल्या घराचं. आपण माणसाची जागा लक्षात ठेवत नाही, तिथी ठेवतो. भाद्रपदातला अंधाराचा पंधरवडा पितरांचा, साधारण सप्टेंबरात येतो. माणूस ज्या तिथीला गेला त्या तिथीला त्याचं पान वाढायचं. तिथी माहीत नसेल, किंवा हुकली, तर शेवटी सर्वपित्री अमावास्या आहेच, सगळ्यांना मिळून. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांसाठी मात्र नवमी राखून ठेवलेली, अविधवा नवमी. मला ती कधीच पटलेली नाही. बाई गेल्यावरही तिची ओळख नवरा मागे आहे की नाही, यावरूनच? पण माझ्या आजीचं पान त्याच दिवशी असायचं आणि त्या दिवशीची खीर मी कधी सोडली नाही, हेही खरं.

त्या पानावर काय काय असतं, तुला माहीतच आहे: तांदळाची खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी. तू ज्याला "आजोबांचं जेवण" म्हणतेस ते. पहिलं पान कावळ्याला. इथे आपण डेकच्या कठड्यावर ठेवतो आणि ते दरवर्षी खार पळवते. बाबा म्हणतो, तुझे आजोबा तसेही घाईतच जेवायचे.

कावळ्याचं मी तुला कधी नीट सांगितलं नाही. दहाव्या दिवशी नदीकाठी भाताचा पिंड ठेवतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. नाही शिवला तर गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं समजायचं. मग घरची माणसं हात जोडून एकेक वचन देत सुटतात, पोरीचं लग्न करू, कर्ज फेडू. माझे बाबा 2021 च्या मे महिन्यात गेले, तेव्हा विमानं जवळपास बंद होती. घाटावर फक्त मामा आणि गुरुजी. तिथे सकाळचे दहा, इथे रात्रीचे साडेबारा. तू आत झोपलेली आणि मी स्वयंपाकघरात खाली बसून फोनमध्ये बघत होते. कावळे समोरच्या भिंतीवर बसून होते, एकही उतरेना. मामा म्हणाला, "आईला मी सांभाळीन." काही नाही. "घर विकणार नाही." काही नाही. मग तो जरा थांबला आणि म्हणाला, "ताईला आणतो, बाबा. वर्षाच्या आत आणतो." आणि नेमका फोन अडकला. चित्र तिथेच थिजलं, मामाचे जोडलेले हात आणि मागे पाणी. पाच-सहा मिनिटांनी त्याचा मेसेज आला, "शिवला." एवढंच.

खरंच शिवला की मामाने मला बरं वाटावं म्हणून लिहिलं, ते मी आजवर विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

बाबाकडची तऱ्हा वेगळी. खान्देशात पितरांचा मोठा दिवस म्हणजे आखाजी, अक्षय्य तृतीया. पाण्याने भरलेली मातीची घागर, वर छोटं मडकं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, सोबत आंबे. पुरणपोळी, आमरस, आणि निखाऱ्यावर तूप आणि जेवणातलं थोडं थोडं घालायचं, त्याला आगारी टाकणं म्हणतात. ऐन उन्हात गेलेल्यांना थंड पाणी पाजायचं, ही त्यातली गोष्ट मला फार आवडते. आठवतंय का, बाबाने अपार्टमेंटमध्ये आगारी टाकली होती आणि स्मोक अलार्म वाजून खालचे आजोबा चपला न घालता वर आले होते? तेव्हापासून आपली आगारी अंगणातल्या ग्रिलवर. सासर-माहेरचं असं दोन्ही करता करता मीच पितरांची कॅलेंडरवाली झाले आहे.

राहता राहिला तुझा खरा प्रश्न. तू थडग्याबद्दल विचारलंस, पण तुला विचारायचं होतं की बोट ठेवून "हे आमचे" असं दाखवायला आपल्याकडे काय आहे. आहे. एक वही आहे.

मामाने शब्द पाळला. वर्षश्राद्धाला मी गेले, तेव्हा तो मला त्र्यंबकेश्वरला घेऊन गेला. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्या येऊन गेलेल्या घराण्यांच्या नामावळी असतात. गुरुजींनी आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं, आत गेले आणि लाल कापडात गुंडाळलेली एक लांबट वही घेऊन आले. पानं कडेला तपकिरी पडलेली. एका पानावर बोट ठेवून म्हणाले, "हे तुमचे पणजोबा." मोडी लिपीत चार ओळी होत्या, मला एक अक्षर लागलं नाही. त्यांनी वाचून दाखवल्या: शके 1854, म्हणजे 1932, सिंहस्थाला आले होते, बरोबर आई आणि धाकटा भाऊ. खाली सही. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली, अगदी माझे बाबा ओढायचे तशी. मी त्या शेपटीवर बोट फिरवलं. मैत्रिणीची आजी दगडाशी काय बोलत होती मला माहीत नाही, पण कशासाठी बोलत होती ते मला कळतं.

मग मामाने सही केली, मुलांची नावं लिहिली. मी विचारलं, माझं नाव? गुरुजी म्हणाले, "लेकीचं नाव सासरच्या पानावर." रागाने नाही, नियम सांगावा तसं. मी म्हटलं, वडील माझेही होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे पाहिलं आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. मामाच्या सहीखाली जेमतेम बोटभर जागा होती. तेवढ्यात माझं नाव बसलं. तुझं नाही बसलं.

पुढच्या डेकोरेशन डेला मैत्रिणीने बोलावलं तर जरूर जा. रिकाम्या हाताने जाऊ नकोस, मी वड्या करून देईन. आजींना विचार, दगड घासायला मी मदत करू का. आणि 2027 मध्ये त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे, त्या गर्दीत आपण जाणार नाही, पण त्यानंतरच्या डिसेंबरात जाऊ. पान नवीन उघडायला लावू. सही मात्र मराठीतच करायची हं. अजून तू ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटीची अदलाबदल करतेस, आत्तापासून गिरवायला घे.

तुझी,
आई