40 गाईंचं शेण आणि कॉलेजच्या मेसचं खरकटं यावर वीज आणि गरम पाणी दोन्ही मिळेल का?

मिळेल, पण गरम पाण्याचा रोज वापर असेल तरच खर्च परवडतो. हिशेब साधा आहे: गाईमागे दिवसाला साधारण 10 किलो शेण धरलं तर 400 किलोंतून 15-16 घनमीटर गोबरगॅस (बायोगॅस). छोटं इंजिन घनमीटरला दीड युनिटच्या आसपास वीज देतं, म्हणजे दिवसाला 20-25 युनिट. गॅसमधली निम्म्याहून जास्त ऊर्जा मात्र इंजिन थंड करणाऱ्या पाण्यातून आणि सायलेन्सरच्या धुरातून निघून जाते. तिथे हीट एक्स्चेंजर (ही उष्णता पाण्याला देणारं उपकरण) बसवला की दुधाचे कॅन धुवायला कढत पाणी मिळतं, शिवाय डायजेस्टर (शेण कुजून गॅस होतो ती बंद टाकी) 35-37 अंशांवर ठेवता येतो. नाहीतर डिसेंबर-जानेवारीत गॅस घटतोच. खरकटं किलोमागे शेणापेक्षा बराच जास्त गॅस देतं, पण एकदम ओतलं तर टाकी आंबते आणि गॅस बंद पडतो, म्हणून हळूहळू वाढवा. आणि प्लांटच्या कोटेशनमध्ये गंजलेल्या लोखंडी किसाचा फिल्टर आहे ना, ते आधी बघा: सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड काढला नाही, तर ऑइल लवकर खराब होतं आणि बेअरिंगं खाल्ली जातात.