आधी बघ, चाक घसरतंय का?

घरंगळत जाणाऱ्या चाकाच्या केंद्राचं त्वरण काढताना सूत्रात आकडे घालायची घाई करू नकोस. चाक जमिनीवर घसरत नसेल तरच केंद्राचं रेषीय त्वरण म्हणजे त्रिज्या गुणिले कोनीय त्वरण (चाकाचा फिरण्याचा वेग दर सेकंदाला किती बदलतो ते). एका फेऱ्यात चाकाचा सगळा परीघ जमिनीवर उलगडतो, म्हणून केंद्र बरोबर तेवढंच पुढे सरकतं. सूत्राचं मूळ एवढंच आहे. त्रिज्या ०.३ मीटर, कोनीय त्वरण ५ रेडियन/से², तर केंद्राचं त्वरण १.५ मी/से². कोन रेडियनमध्येच हवा, अंशांत नव्हे. आणि व्यास दिलाय की त्रिज्या, तेही बघ. बहुतेक गुण तिथेच जातात.

हे त्वरण केंद्राचं, चाकावरच्या प्रत्येक बिंदूचं नव्हे. टेकलेल्या बिंदूचा वेग त्या क्षणी शून्य असतो, सर्वांत वरच्याचा केंद्राच्या दुप्पट. चित्र काढून बघच, फार सुंदर आहे ते.