केमो संपली तरी विसरायला होतंय, वर्गात शब्द सापडत नाहीत. हे कायमचं आहे का? काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की स्तनाच्या कॅन्सरची केमो संपून सहा महिने झाले, शाळेत पुन्हा रुजू झालात, पण फळ्यासमोर उभं राहिलं की नेहमीचा शब्द तोंडावर येत नाही, मुलांच्या नावांचा गोंधळ होतो, आणि घरचे म्हणतात, "आता बरी झालीस ना, मग विसरतेस कशी?" ही वेडाची सुरुवात तर नाही ना, ही भीती तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिली आहे. ती वाचूनच उत्तर द्यायला बसले.

मी डॉक्टर नाही. याच आजारातून गेलेली बाई आहे. पतसंस्थेत हिशेब लिहिते, त्यामुळे डोकं थकलंय हे मला रोज आकड्यांतच दिसायचं. संध्याकाळी रोख मोजताना मधेच कुणी "मॅडम, पासबुक" म्हटलं की मोजलेलं सगळं जायचं. पुन्हा पहिल्यापासून.

या त्रासाला केमो ब्रेन म्हणतात. तो खरा आहे, मनाचा खेळ नाही. नाव केमोचं असलं तरी दोष एकट्या केमोचा नसतो. ऑपरेशन, भूल, रक्त कमी होणं, पाळी एकाएकी बंद होणं, महिनोन्‌महिने न लागलेली झोप, आणि "पुन्हा उलटला तर?" ही काळजी, सगळं मिळून डोक्यावर येतं. काही बायकांना केमो सुरू व्हायच्या आधीच हा त्रास जाणवतो, असंही अभ्यासांत दिसलंय. बहुतेकींना उपचार संपल्यावर सहा महिने ते वर्षभरात बराच फरक पडतो. काहींचं मात्र जास्त काळ रेंगाळतं, ते लपवण्यात अर्थ नाही. पण दिवसेंदिवस वाढत जाणं हा याचा स्वभाव नाही. वाढतंय असं वाटलं तर थांबू नका, दाखवा. आणि अचानक गोंधळल्यासारखं होणं, न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, फिट, एका बाजूच्या हातापायातलं बळ जाणं, अचानक जीभ जड होऊन बोलणं अडखळणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तो केमो ब्रेन समजून घरी बसायचं नाही.

आता ज्यावर उपाय आहे ते आधी शोधा. पुढच्या तपासणीला जाताना हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासायचं का, हे आपणहून विचारा. तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच विचारा. ते कमी असलं तरी विसर पडतो आणि हातापायाला मुंग्या येतात. मग सगळं केमोच्या माथी मारलं जातं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी करून न्या. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधानंतर हातापायाला येणाऱ्या मुंग्यांसाठी प्रीगाबालिन देतात, त्याने गुंगी येते. सर्दी-खाजेच्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्याही डोकं जड करतात. टॅमॉक्सिफेनवर, म्हणजे कॅन्सर पुन्हा उलटू नये म्हणून देतात त्या हार्मोनवरच्या गोळीवर, असाल तर ते स्वतःहून बंद करू नका. मन फार खचलं असेल तर त्यावरही औषध असतं, पण पॅरोक्सेटिनसारख्या काही गोळ्या टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करतात, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना तुमचं टॅमॉक्सिफेन आठवणीने सांगा. ब्राह्मी, शंखपुष्पी, बुद्धिवर्धक सिरप शेजारपाजारचे सुचवतीलच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. भिजवलेले बदाम खा, त्याला कुणी नाही म्हणणार नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती एक समज. आपण म्हणतो "विसरले", पण बऱ्याचदा ती गोष्ट डोक्यात शिरलेलीच नसते. रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या वहीत, नोंदच पडली नाही तर खतावणी, म्हणजे तिच्यावरून उतरवलेली खात्यांची वही, कितीही चाळा, सापडणार कुठून? त्यामुळे आठवण्याचा जोर लावून उपयोग होत नाही, नोंद पडताना लक्ष हवं. गॅस बंद करताना मी मोठ्याने म्हणते, "गॅस बंद केला." कुलूप लावताना, गोळी घेताना तसंच. घरात सुरुवातीला सगळे बघत राहिले, आता कुणी बघत नाही. तोंडाने म्हटलं की हाताबरोबर लक्षही तिथे येतं. फ्रीजवर चिठ्ठ्या, फोनमध्ये काही, कॅलेंडरवर काही, असं करू नका. वही एकच, पर्समध्ये मावेल अशी, आणि रोज सकाळी चहाबरोबर उघडायची. गोळ्यांसाठी आठवड्याच्या वारांच्या खणांची डबी घ्या. घेतली की नाही हा प्रश्नच उरत नाही, खण रिकामा दिसतो.

शब्द अडला तर त्याच्या मागे लागू नका, घाबरलं की तो आणखी दूर जातो. वर्गात "ते काय रे, ज्याने आपण कोन मोजतो?" असं विचारलंत तर मुलं ओरडून सांगतील "कोनमापक", आणि तुमचा तास पुढे जाईल. नावांसाठी बाकांचा नकाशा काढून टेबलावरच्या काचेखाली ठेवा.

व्यायामाबद्दल मी आग्रहाने सांगते, कारण थकवा आणि झोप दोन्हींवर त्याचा उपयोग होतो, आणि डोकं त्यांच्यावरच चालतं. आठवड्याला १५० मिनिटं चालणं, असं साधारण सांगतात. सुरुवात दहा मिनिटांनी केलीत तरी चालेल. रात्री अंगातून गरम वाफा येऊन झोपमोड होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, बायका हे सांगायचंच राहू देतात.

एक गोष्ट तुम्हाला दुखवेल म्हणून आधीच लिहून ठेवते. स्मरणशक्तीच्या चाचण्या केल्यात तर निकाल नॉर्मल येऊ शकतो. शांत खोलीत, एका वेळी एकच काम दिल्यावर आपण ते करतो. साठ मुलांच्या वर्गात, शिपाई सूचनेची वही घेऊन दारात उभा असताना काय होतं, ते त्या चाचणीत येत नाही. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे तुम्ही खोटं बोलताय असं नव्हे. त्रास कामाच्या आड येत असेल तर न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदूचं लक्ष-स्मरण तपासणाऱ्या मानसतज्ज्ञाकडे, लक्ष आणि स्मरणाचं प्रशिक्षण मिळतं का, ते तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

घरच्यांना "मला समजून घ्या" म्हणण्यापेक्षा नेमकं काय करायचं ते सांगा. दारातून बाहेर पडताना चार कामं सांगायची नाहीत, एकेक करून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायची. मी स्वयंपाक करताना टीव्ही बंद. "आठवत नाही का?" असं विचारायचं नाही, सरळ सांगून टाकायचं. आमच्याकडे या तीन गोष्टींनी निम्मी भांडणं मिटली.

आणि मुख्याध्यापकांना भेटा. गणिताचे तास जेवणाच्या सुट्टीआधी मागून घ्या, लागोपाठ तीन तास नकोत म्हणा, निकालपत्रकाच्या बेरजा दुसऱ्या कुणा बाईंकडून तपासून घेण्याची परवानगी मागा. हे तोंडी नको. डॉक्टरांचं पत्र जोडून लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.