एवढे गुण मिळवून शिक्षिकाच का व्हायचे?

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेतून उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली असून तिला प्राथमिक शिक्षिका व्हायचे आहे. तिच्या मैत्रिणी अभियांत्रिकीला निघाल्या आहेत. नात्यातला एक मुलगा समाजमाध्यमांवरील चित्रफितींमुळे विशीतच नावारूपाला आला आहे आणि भरपूर कमावतोही. ‘एवढे गुण मिळवून मास्तरकीच करायची का?’ असे घरची मंडळी विचारतात आणि माझाही जीव वरखाली होतो. तिला अडवावे की जाऊ द्यावे?
— एक वाचक, कराड

उत्तर : अडवू नका, ताई. हुशार माणसाने लहान मुलांना शिकवण्यात आयुष्य घालवू नये, ही समजूत आपल्याकडे फार खोल मुरली आहे आणि तिची किंमत आपली मुलेच मोजत आली आहेत.

ताराबाई मोडक राजकोटच्या स्त्रियांच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. त्या काळी एका भारतीय स्त्रीला असे पद मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. तरीही 1923 साली ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम करायला गेल्या. पुढे पन्नाशी उलटल्यावर, 1945 मध्ये, त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि बालपणीच वैधव्य आलेल्या, जिद्दीने शिकून पुण्यात शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या.

बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर या दोघींनी जे केले, ते तुमच्या मुलीने जरूर वाचावे. आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत येत नव्हती, कारण कुणाला गुरे राखायची होती, तर कुणाच्या कडेवर धाकटे भावंड होते. अशा वेळी पालकांना दोष देऊन हजेरीपट बंद करणे सोपे होते. या दोघींनी शाळाच उचलून मुलांच्या अंगणात नेली आणि गुरे चरत त्या कुरणातही नेली. महागड्या शैक्षणिक साधनांऐवजी शंखशिंपले, बिया, खडे आणि पाने वापरून मोजणे, रंग आणि आकार शिकवले. मुलांची स्वच्छता, आंघोळ हाही त्यांना शिक्षणाचाच भाग वाटत असे. मला यातले सर्वांत मोलाचे वाटते ते हे की मूल का येत नाही, हे त्यांनी आधी त्याच्या घरी जाऊन पाहिले आणि मग पद्धत ठरवली. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळाले, हे आज फार थोड्यांना आठवत असेल. मात्र त्यांच्या कामातून रूढ झालेली अंगणवाडी 1975 पासून एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून देशभर पोहोचली. तुमच्या नात्यातल्या मुलाच्या कष्टांना मी कमी लेखत नाही. परंतु त्याला लाखो लोक पाहतात म्हणून त्याचे काम मोठे आणि तीस मुलांपुढे उभ्या राहणाऱ्या बाईंचे काम लहान, हा हिशेब मला मुळीच मान्य नाही.

आता पैशांविषयी. तुमची काळजी रास्त आहे, आणि शिक्षकाने त्यागाच्या बळावर जगावे असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आपल्या राज्यात नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काम करावे लागते. प्राथमिक शिक्षणसेवकाचे हे मानधन अनेक वर्षे दरमहा 6,000 रुपये होते आणि जानेवारी 2023 पासून ते 16,000 रुपये झाले. ज्या माणसाच्या हाती आपण मुले सोपवतो, त्याला इतके कमी देणारा समाज 5 सप्टेंबरला फुले देऊन मोकळा होतो, याचा मला मनापासून राग येतो. तुमच्या मुलीने पुढे रास्त वेतनाची मागणी केली, तर ती तिच्या निष्ठेत कमतरता आहे असे कृपा करून कुणालाही म्हणू देऊ नका.

वाट अशी आहे : बारावीनंतर दोन वर्षांची डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांसाठीची पदविका, मग शिक्षक पात्रता परीक्षा आणि सरकारी भरतीसाठी अभियोग्यता चाचणी. त्या गुणांवर ‘पवित्र’ या राज्य सरकारच्या शिक्षकभरती पोर्टलमार्फत निवड होते. भरती दरवर्षी निघेलच असे नाही, म्हणून पदविकेबरोबर पदवीचे शिक्षणही पुरे करण्याची आखणी आत्ताच करावी. एखाद्या संस्थेने नोकरीसाठी ‘डोनेशन’ मागितले, तर घर किंवा दागिने गहाण टाकून ते मुळीच देऊ नका.

प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी मात्र एक करा. जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून मुलीला काही आठवडे पहिलीच्या वर्गात मदतीला बसू देण्याची विनंती करा. जे मूल वाचताना अडते आणि मान खाली घालते, त्याच्याशेजारी बसण्याचे काम तिने मागून घ्यावे. तिथून आल्यावरही तिचा निश्चय टिकला, तर घरच्या मंडळींना उत्तर तुम्ही द्या. ते एकटीने देण्याची वेळ तिच्यावर आणू नका.