पिल्लाचं घड्याळ

या महिन्यात चौदा पत्रं आली. त्यातली नऊ एकाच विषयावर आहेत, कुत्र्याच्या पिल्लानं फरशीवर केलेली शू. एक पत्र म्हशीच्या कासेबद्दल होतं, त्याला परस्पर उत्तर पाठवलंय. बत्तीस वर्षं जनावरांच्या सरकारी दवाखान्यात म्हशीच तपासल्या, त्यामुळं ते सोपं गेलं. कुत्री मी नोकरीत नाही, घरात शिकलो. तीही बरीचशी चुकून.

प्रश्न : आमचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू दहा आठवड्यांचं आहे, नाव राजा. वाडा जुना, घरात माणसं नऊ. राजा सोप्यात, देवघरापुढं, जिन्याखाली, कुठंही शू करतो. मामंजी पेपरची गुंडाळी करून मारतात आणि नाक तिथंच घासतात. सासूबाई म्हणतात, "चूक केली की मान कशी खाली घालतोय बघ, सगळं कळतंय त्याला." बाहेर न्यावं तर पाऊस. उंबऱ्यावर बसून राहतो आणि आत आला की कार्यक्रम उरकतो. काय करू?
— एक सून, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : सूनबाई, आधी माझी चूक सांगतो. म्हणजे हे पान मामंजींपुढं ठेवताना तुम्हाला अवघड जाणार नाही. आजऱ्याला नोकरीला होतो तेव्हा वाघ्या नावाचं पिल्लू आणलं होतं. मीही त्याचं नाक घासलं. दोन आठवड्यांत सोप्यातली शू बंद झाली आणि मी दवाखान्यात ऐट मिरवली. पुढं खोलीला वास मारायला लागला, म्हणून कपाट सरकवलं, तर मागं तळं. फिरायला नेलं तर पठ्ठ्या तासभर दोरीला बांधल्यासारखा कोरडा फिरायचा, घरी आला की थेट कपाटामागं. आमच्या दवाखान्यातले परिचर म्हणाले, "सायब, त्याला मुतायचं भ्या वाटत न्हाई. तुमच्याम्होरं मुतायचं वाटतंय." पदवी माझ्याकडं होती आणि निदान त्यांनी केलं.

पिल्लाचं घड्याळ फार लहान असतं. एखादी गोष्ट केल्यावर एक-दोन सेकंदांत जे घडतं, त्याचीच सांगड ते त्या गोष्टीशी घालतं. मामंजी पेपर शोधतात, गुंडाळी करतात, राजाला जिन्याखालून ओढून आणतात. एवढ्यात शूची गोष्ट राजाच्या लेखी कधीच संपलेली असते. मार बसतो तो मामंजींना बघितल्याबद्दल.

आता ती खाली गेलेली मान. हा प्रश्न अमेरिकेत अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी तपासून बघितला, त्याचा निबंध २००९ साली आला. कुत्र्याला खाऊला तोंड लावू नको म्हणून बजावायचं आणि मालकानं खोलीबाहेर जायचं. आत आल्यावर मालकाला कधी खरं सांगायचं, कधी खोटं. निघालं असं की मान खाली घालणं, डोळे चुकवणं, हे कुत्र्यानं खाल्लं की नाही यावर ठरत नव्हतं, मालक रागावला की नाही यावर ठरत होतं. काहीच न खाता बोलणी बसलेली कुत्री तर जास्तच ओशाळी दिसली. तेव्हा सासूबाईंना सांगा, राजा त्यांचा चेहरा वाचतोय.

मग करायचं काय? उठल्याउठल्या, खाल्ल्यावर पाच-दहा मिनिटांत, खेळून दमला की, आणि या सगळ्याशिवायही दर दोन तासांनी त्याला ठरलेल्या जागी न्यायचं. उचलून न्या, चालत नेलंत तर वाटेतच होईल. तिथं गप्प उभं राहायचं, गप्पा नाहीत, मोबाइल नाही. शू संपली की त्याच क्षणी "शाब्बास" आणि हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा. तुकडा आधीच मुठीत हवा. आत जाऊन फ्रीज उघडून आणलात तर तो फ्रीज उघडल्याचं बक्षीस समजतो. (हा विनोद नाही. आमच्या शेजारच्या घरात कुत्रं बसण्याआधी फ्रीजकडं बघतं.)

पावसाचं म्हणाल तर त्याला भिजायला लावू नका. तुमच्या वाड्याला मागं न्हाणीजवळ पत्र्याचं छप्पर असेलच. तिथं कडा असलेल्या मोठ्या ट्रेमध्ये माती घालून हराळीची चार ढेकळं लावा. पायाला गवत लागलं की शू, हे एकदा बसलं की पाऊस उघडल्यावर बाहेरच्या गवतावर जाणं सोपं होतं. पेपर पसरायची सवय लावू नका. नाहीतर पुढं मामंजींचा वाचायचा पेपर आणि त्याचा पेपर यात त्याला फरक कळणार नाही.

आत करताना सापडला तर ओरडू नका, टाळी वाजवून थांबवा आणि उचलून ट्रेवर न्या. नंतर दिसलं तर नुसतं पुसा. फिनेल नको, पिल्लू फरशी चाटतं. साबणाच्या पाण्यानं दोनदा धुवा आणि कोरडं करा. व्हिनेगरनं वास जातो हे खरं, पण तुमच्याकडं शहाबादी असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. तो चुनखडीचा दगड, आंबटानं डाग पडतो. तेव्हा शूपेक्षा मोठं भांडण घरात होईल.

आणि नऊ माणसांतली दोनच या कामाला नेमा. बाकीच्यांनी लाड करावेत.

प्रश्न : डॉक्टर म्हणतात लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बाहेर काढू नका. तुम्ही मागच्या वेळी लिहिलंत, लहानपणीच जग दाखवा. नेमकं कुणाचं ऐकायचं?
— राजारामपुरी

उत्तर : दोघांचं. तुमचे डॉक्टर पार्व्हो या विषाणूला घाबरतात आणि ते बरोबरच आहे. रक्ताची जुलाब-उलटी लागते आणि दोन-चार दिवसांत पिल्लू हातचं जातं. तो विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. सहा ते आठ आठवड्यांना पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढच्या, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची तिसऱ्या महिन्यानंतर. आपल्याकडच्या पावसात, उंदीर फिरतात अशा साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो. त्याची लस यात आहे ना, तेही विचारून घ्या.

पण दुसरं घड्याळही चालू असतं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ते त्याला आपलं वाटतं. त्यानंतर नव्या गोष्टीची भीती आधी येते. लसी पुऱ्या होईपर्यंत ही खिडकी लागलेली असते. म्हणून बाहेर न्यायचं, पण जमिनीवर ठेवायचं नाही.

मी आमच्या सध्याच्या कुत्रीला भाजीच्या पिशवीत घालून, फक्त डोकं बाहेर ठेवून, गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर न्यायचो. पहिल्या दिवशी म्हशीनं फुस्स केलं तशी ती पिशवीत बुडी मारून बसली. मी जवळ गेलो नाही, लांबच उभा राहिलो. चरवीत धारा पडायच्या आवाजानं तिचा एक कान वर आला, मग नाक, मग दुसरा कान. दोन कान वर आले की एक तुकडा. चौथ्या दिवशी म्हैस फुसफुसली की ही माझ्या खिशाकडं बघायला लागली. रंकाळ्यावर तसंच कट्ट्यावर मांडीवर घेऊन बसा. भेळवाल्याची गर्दी, बुलेट, टोपीवाला माणूस, काठीवाली आजी, फुगे, सगळं लांबून दिसू द्या. गणपतीचे ढोल महिनाभर आधीच सरावाला लागतात, तो आवाजही दोन गल्ल्या पलीकडून ऐकवा. पिल्लू थरथरत असेल तर तुम्ही फार जवळ आहात, मागं सरा.

प्रश्न : शेतावर राखणीला कारवानी जातीचं पिल्लू आणलंय, तीन महिन्यांचं. माणसांत सोडलं तर लाडावतं, म्हणून साखळीलाच ठेवतो. तिखट होण्यासाठी मिरची-भाकरी चालू केलीय. अजून भुंकत नाही.
— कागल तालुका

उत्तर : पाव्हणं, मिरची आजपासून बंद. मिरचीनं पोटात आग पडते, राग येत नाही. ज्याचं पोट सदा दुखतं ते कुत्रं घरच्या पोरालाही चावतं, आणि त्याला लोक "तिखट झालं" म्हणतात.

दुसरं म्हणजे, जनावर कुठलं आणलंय ते तरी बघा. कारवानी काय, मुधोळ काय, ही नजरेनं ससा हेरून धावणारी कुत्री. लांब पाय, खोल छाती, पोट आत. पळण्यासाठी घडलेलं अंग आहे ते. (मुधोळचं टपाल तिकीट २००५ साली निघालं, तेव्हा मी दोन घेतली आणि एकही पाकिटाला लावलं नाही.) परक्याशी ती जरा अंतर ठेवूनच असतात, पण दारात बसून भुंकत राहणं हा त्यांचा पिंड नव्हे. तेच हवं असेल तर तुमच्या वस्तीवरचं गावठी कुत्रं जास्त चोख काम करेल.

आणि साखळी. ज्यानं बरीच माणसं बघितलीत त्याला वावगा माणूस वेगळा कळतो. ज्यानं कुणीच बघितलं नाही त्याला दूधवाला, वायरमन, तुमचा मेव्हणा, सगळे चोरच. त्यात साखळीमुळं पळता येत नाही, म्हणून ते चावतं. दिवसातून दोनदा कुंपण घातलेल्या जागेत मोकळं पळू द्या. हाक मारल्यावर आलं की लगेच भाकरीचा तुकडा. उशिरा आलं तरी मारू नका. आल्यावर मारलंत, तर येण्याबद्दल मारलंत. उसाच्या फडाकडं ससा दिसला की कारवानी वाऱ्यावर जातं, तेव्हा ही हाकच तुमच्या उपयोगाची. भुंकणं वर्षभरात आपोआप येईल. तोवर गोचीड बघा, म्हशीच्या गोठ्याशेजारी तुमचा खरा शत्रू तोच आहे. कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत रोज हात फिरवायचा.

प्रश्न : मी सातवीत आहे. शाळेच्या मागं मला पिल्लू सापडलं. मी त्याचं नाव बुलेट ठेवलं. तो माझे हात चावतो, दात सुईसारखे आहेत. परवा थोडं रक्त आलं. आईला सांगितलं नाही, नाहीतर ती सोडून ये म्हणेल. तो चावणं कधी बंद करेल?
— कसबा बावडा

उत्तर : बाळा, हे पत्र लिहिलंस ते फार चांगलं केलंस. आता वाचता वाचता ऊठ आणि आईला रक्ताचं सांग. माझं नाव पुढं कर. रस्त्यावरच्या पिल्लाचा दात लागून कातडी फाटली की साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं असतं आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं असतं. दिवस गेले असतील तरी आज जा, कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्यात. इंजेक्शनं सांगितल्या तारखांना सगळी घ्यायची, एकही चुकवायचं नाही. जखमेवर हळद, चटणी, चुना काही लावू नकोस. रेबीज झाल्यावर औषध नाही, आधी मात्र खात्रीचं आहे. ताई, तुम्ही हे वाचत असाल तर पोराला रागावू नका. त्यानं आज सांगितलं म्हणून रागावलात, तर पुढच्या वेळी सांगणार नाही.

दवाखान्यातून आलास की पुढचं वाच. शाळेमागं बुलेटची आई फिरते का, ते मोठ्या माणसाबरोबर जाऊन लांबून बघ. ती असेल आणि बुलेट दोन महिन्यांपेक्षा लहान असेल, तर तिच्याजवळच राहू दे आणि रोज भेटायला जा. आई नसेल तर त्याला जंताचं औषध आणि लस हवी. म्हशीचं घट्ट दूध देऊ नकोस, जुलाब होतात. मऊ भात आणि उकडलेलं अंडं दे.

चावणं हा त्याचा खेळ आहे. भावंडांत असता तर जोरात चावल्यावर दुसरं पिल्लू किंचाळून खेळ सोडून गेलं असतं, त्यातून तो शिकला असता. आता ते काम तुझं. दात टेकले, दुखायच्याही आधी, की हात मागं ओढायचा नाही. ओढला की त्याला उंदीर पळाल्यासारखं वाटतं. झाडासारखा थांब, उठून पाठ फिरव, वीस आकडे मोज. मग जुन्या टॉवेलची गाठ ओली करून, थंड करून त्याच्या तोंडात दे. चार महिन्यांच्या आसपास दुधाचे दात पडायला लागतात आणि सातव्यापर्यंत बेचाळीस पक्के येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात, त्यामुळं थोडं चालायचंच. एखादा पडलेला दात सापडला तर कंपासपेटीत ठेव.

प्रश्न : चावायला म्हणून जुनी चप्पल दिली, तर त्यानं नवी करकरीत कापशी कोल्हापुरी चप्पल फाडली. दुसरं, रविवारचा पांढरा रस्सा मिळमिळीत असतो, तो द्यावा का?
— निवृत्त शिक्षक, रुईकर कॉलनी

उत्तर : गुरुजी, कापशी म्हणजे म्हशीचं कातडं. जुनी कुठली आणि नवी कुठली हे त्याला कसं कळावं? तुम्हीच चप्पल चावायला शिकवलीत आणि तो पहिल्या नंबरानं पास झाला. जुनीही काढून घ्या.

पांढरा नको, तांबडा तर नकोच. दोन्हींत कांदा-लसूण असतो, त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिवाय मीठ आणि चरबी. मसाला पडायच्या आधी उकडलेल्या मटणाचे दोन तुकडे बाजूला काढायला सांगा. शिजलेलं हाड अजिबात नाही, त्याच्या कुसळ्या होऊन आतड्यात रुततात. नातवंडांचं चॉकलेट, मनुके, द्राक्षं आणि तुमची गुडघेदुखीची गोळी, हे सगळं उंचावर ठेवा. चपलाही.