आई-बाबांच्या दातांसाठी महिना 180 डॉलरचा प्लॅन घेऊ का?

प्रश्न: आई-बाबा 3 वर्षांपासून आमच्याकडे कॅनडात, ओंटारियोत राहतात. दोघंही पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी आहेत. बाबा 68, आई 64. बाबांच्या खालच्या 4 दाढा गेल्या आहेत, आईला 2 रूट कॅनाल सांगितले आहेत. एजंटनं दोघांसाठी महिना 180 डॉलरचा डेंटल प्लॅन सुचवलाय. माझा भाऊ म्हणतो, आमच्याकडे कॅल्गरीला पाठव, इथं ज्येष्ठांना सरकार मदत करतं. बाबांना हिवाळ्यात 5 आठवडे भारतात जाऊन इम्प्लांट बसवून यायचं आहे. दोघांची भारतातली पेन्शन आणि ठेवींचं व्याज मिळून वर्षाला साधारण 19,000 डॉलर होतात. आम्ही त्यांचं रिटर्न दर वर्षी भरतो, पण हे उत्पन्न त्यात दाखवलेलं नाही. काय करावं?

उत्तर: एजंटच्या कागदावर सही करू नका. वर्षाचे 2,160 डॉलर जातील, पण मला त्याहून मोठी काळजी वेगळीच आहे. केंद्र सरकारचा कॅनेडियन डेंटल केअर प्लॅन फक्त दातांचा दुसरा विमा नसलेल्यांसाठी आहे, आणि स्वतः विकत घेतलेला प्लॅनही 'दुसरा विमा' म्हणूनच धरला जातो. म्हणजे हा प्लॅन चालू असेपर्यंत आई-बाबा सरकारी योजनेतून बाहेर राहतील.

बरं, पैसे भरून मिळणार काय? असे वैयक्तिक प्लॅन नीट वाचून पाहा. सुरुवातीला काही महिने थांबावं लागतं, वर्षाच्या भरपाईला कमाल मर्यादा असते, मोठी कामं बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून धरतात. विमा घेण्याआधी गेलेल्या दातांचा खर्च तर अनेक प्लॅन देतच नाहीत. बाबांची गरज नेमकी तीच आहे.

सरकारी योजनेबद्दल आपल्याकडच्या बऱ्याच कुटुंबांचा एक गैरसमज असतो. मुलगा चांगला कमावतो, तेव्हा आई-बाबांना काही मिळणार नाही, असं धरून ते अर्जच करत नाहीत. इथे तुमचा पगार मोजतच नाहीत. अर्जदार आणि त्याचा जोडीदार, एवढ्यांचंच उत्पन्न पाहतात. ते 90,000 डॉलरच्या आत असेल तर योजना लागू होते, आणि 70,000 च्या आत असेल तर योजनेच्या ठरलेल्या दरातला वाटाही भरावा लागत नाही. तुमच्या आई-बाबांचं उत्पन्न 19,000 आहे. 2025 पासून योजना सगळ्या वयाच्या प्रौढांना खुली झाली, त्यामुळे आईचं 64 वय आड येत नाही. एक गोष्ट मात्र तुमच्या एचआरला विचारा: कंपनीचा डेंटल विमा आई-वडिलांना मिळतो का? बहुतेक ठिकाणी तो पती-पत्नी आणि मुलांपुरताच असतो. मिळत असेल, तर न वापरताही ते अपात्र ठरतील.

आता रिटर्नकडे येतो, कारण पात्रता रिटर्नवरच ठरते. कॅनडाचा कर-रहिवासी झालेल्या माणसाला जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं, मग ते पैसे भारतातल्या खात्यातच का पडून असेनात. शून्य उत्पन्नाच्या रिटर्नवर सरकारी लाभ घेणं मला तुमच्यासाठी अजिबात नको आहे. आणि गंमत नाही, खरंच सांगतो: लपवण्यात तुमचा काही फायदाही नाही. 19,000 दाखवूनही ते मर्यादेच्या खूप आत राहतात. भारतात कापलेल्या कराचं श्रेय इथे मिळतं, आणि केंद्रीय कराची मूळ सवलत 2025 सालासाठी प्रत्येकी 16,000 डॉलरच्या वर आहे, त्यामुळे कर फारसा निघू नये. कमी उत्पन्नावर आधी मिळालेल्या एखाद्या लाभाचा काही भाग परत करावा लागू शकतो, तेवढी तयारी ठेवा. मागची 3 वर्षं दुरुस्त करा, आणि सीआरएचं, म्हणजे इथल्या कर खात्याचं, पत्र येण्याआधी स्वतःहून करा. भारतातल्या ठेवी आणि गुंतवणुकीची मूळ किंमत एकाच्या नावावर 1 लाख डॉलरच्या वर असेल, तर टी-1135 हा वेगळा फॉर्म लागतो. यासाठी अकाउंटंटची फी खुशाल द्या.

कॅल्गरीचा विचार फक्त दातांसाठी करू नका. कॅल्गरीच्या प्रांतात, अल्बर्टात, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना 5 वर्षांत 5,000 डॉलरपर्यंत मदत मिळते, भावाचं म्हणणं चूक नाही. पण ती 65 च्या पुढच्यांना, म्हणजे आईला आज नाही. शिवाय अल्बर्टातले डेंटिस्टचे दर देशातल्या महागड्या दरांत गणले जातात. ओंटारियोतही ज्येष्ठांसाठी प्रांताची स्वतंत्र योजना आहे: वय 65 पूर्ण आणि जोडप्याचं उत्पन्न 41,500 डॉलरपर्यंत. बाबा त्यात बसतात. ती पब्लिक हेल्थ युनिट आणि कम्युनिटी हेल्थ सेंटरच्या दवाखान्यांतून चालते, काही ठिकाणी रांग मोठी असते. प्रांताची योजना घेतली म्हणून केंद्राची बंद होत नाही.

दरांचं गणित समजून घ्या, नाहीतर फुकट म्हणून गेलेला माणूस बिल घेऊन परत येतो. प्रत्येक प्रांतात डेंटिस्टांची संघटना सुचवलेले दर काढते. ते बंधनकारक नसतात. केंद्राच्या योजनेचे दर वेगळे आहेत, आणि डेंटिस्टनं त्यापेक्षा जास्त लावले तर वरचा फरक तुमच्या खिशातून जातो. म्हणून खुर्चीत बसण्याआधी विचारा: योजनेचे रुग्ण घेता का, बिल थेट सन लाइफला (योजनेची बिलं पाहणारी विमा कंपनी) पाठवता का, आणि योजनेच्या दरावर किती जास्त घेता? आकडा लिहून मागा.

बाबांच्या दाढांसाठी योजनेत काढघाल करायची अर्धी कवळी बसू शकते, पण तिला आधी मंजुरी लागते. इम्प्लांट योजनेत नाही. म्हणजे इम्प्लांट हवंच असेल तर खर्च तुमचा, इथे करा किंवा तिथे. भारतात स्वस्त पडेल हे खरं, पण 5 आठवड्यांत ते पुरं होणं अवघड आहे. इम्प्लांटचा स्क्रू हाडात धरायला साधारण 3 ते 6 महिने जातात, मग वरचा दात बसतो. दोन फेऱ्यांचं विमानभाडं धरा. मध्येच काही बिघडलं तर दुसऱ्याचं अर्धवट काम हातात घ्यायला इथले डेंटिस्ट सहसा उत्सुक नसतात. माझं मत, आधी कवळी लावून पाहावी. तिनं जेवता आलं नाही, तर इम्प्लांटचा विचार करायला वाट मोकळीच आहे.

प्लॅनमध्ये जाणारे 180 डॉलर दर महिन्याला आई-बाबांच्या टीएफएसएमध्ये, म्हणजे करमुक्त बचत खात्यात टाका. त्यावरचं व्याज उत्पन्नात धरलं जात नाही. खिशातून झालेला खर्च, भारतातला धरून, वैद्यकीय खर्चाच्या कर-सवलतीत दाखवता येतो. दात पांढरे करण्यासारखं निव्वळ सौंदर्याचं काम सोडून. आई-बाबा पैशांसाठी तुमच्यावर अवलंबून असतील तर ही सवलत तुमच्या रिटर्नमध्ये घ्या. तिथे वजावट त्यांच्या उत्पन्नाच्या 3 टक्क्यांनी ठरते. बाबांचं उत्पन्न 14,000 धरलं तर 420 डॉलरच्या वरचा त्यांचा खर्च मोजला जाईल. तुमच्या स्वतःच्या उत्पन्नाचे 3 टक्के याच्या कितीतरी पट असतील. पावत्या जपा.

राहिले आईचे रूट कॅनाल. योजना सुरू होण्याच्या तारखेआधी केलेल्या कामाचे पैसे मिळत नाहीत, म्हणून दुरुस्त रिटर्नची नोटीस हाती आल्यावर लगेच अर्ज करा आणि डेंटिस्टला विचारा, तोवर थांबणं चालेल का. तो नाही म्हणाला, किंवा गाल सुजला, ताप आला, तर तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी खिशातून पैसे भरून काम करून घ्या.