पाडव्याआधीची घरसफाई कंटाळा न येता कशी उरकावी?

एका रविवारात सगळं घर काढायला जाऊ नका, तिथेच कंबर धरते. रोज एकच जागा घ्या: आज माळा, उद्या स्वयंपाकघर. आणि वरून खाली या. आधी जळमटं, मग पंखे, फरशी शेवटी. पंखा बंद करून पात्यावर उशीचा जुना अभ्रा चढवायचा आणि दाबून हळूच ओढायचा. धूळ अभ्र्यात राहते, गादीवर सांडत नाही. तांब्या-पितळेची भांडी मुलांकडे द्या. चिंच-मीठ चोळलं की काळपट तांब्या बघता बघता लखलखतो, ते बघायला मुलं स्वतःहून येतात. दुपारी गोधड्या गच्चीवर टाका. संध्याकाळी घडी घालताना त्यांना उन्हाचा जो वास येतो, तो मला फार आवडतो.